रात्रीची लेन्स आणि दिवसाची दृष्टी : प्रस्तावना

माणसाला किती दिसते आणि कसे दिसते, हे दोन प्रश्न रोजच्या बोलण्यात एकच मानले जात असले, तरी दृष्टिविज्ञानाने ते फार पूर्वीच वेगळे केले आहेत. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर तिन्हीसांजेला रस्त्यावरचा खड्डा वेळेत ओळखू येतो की नाही, समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतालगतचा पादचारी दिसतो की नाही, पुसट खडूने फळ्यावर लिहिलेली ओळ मागच्या बाकावरून वाचता येते की नाही, यावरून मिळते. रात्री झोपताना डोळ्यांत घालायच्या आणि सकाळी काढून ठेवायच्या लेन्सने बुबुळावरच्या पडद्याचा आकार तात्पुरता बदलण्याची जी उपचारपद्धती आज जगभर प्रचलित आहे, तिच्यात हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून सुटे होताना विशेष स्पष्टपणे दिसतात. या सुटेपणाचा नीट विचार व्हावा, आणि ज्यांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे त्यांना तो त्यांच्या भाषेत समजून घेता यावा, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या पद्धतीचे शास्त्रीय नाव ऑर्थोकेरेटॉलॉजी. सरळ या अर्थाचा आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा वाचक असे दोन ग्रीक शब्द जोडून ते घडले आहे, आणि व्यवसायातील मंडळी त्याला सुटसुटीतपणे ऑर्थो-के म्हणतात. ज्या पडद्याचा हा आकारबदल होतो त्याला मराठी शालेय पुस्तकांत पारपटल म्हटले आहे. घड्याळाच्या तबकडीवर काच बसवलेली असते तसे पारपटल डोळ्याच्या रंगीत भागावर बसलेले असते, आणि स्वच्छ असल्यामुळे ते सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. डोळ्याच्या आत एक नैसर्गिक भिंग असल्यामुळे प्रकाश एकवटण्याचे सगळे काम तेच करत असावे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाटा पारपटलाचा असतो. डायॉप्टर म्हणजे प्रकाश वळवण्याच्या शक्तीचे एकक, आणि चष्म्याचा ‘नंबर’ म्हणून घरोघरी जो आकडा सांगितला जातो तो याच एककात असतो.

निकटदृष्टितेत, म्हणजे ज्याला लोक मायनस नंबर म्हणतात त्या दोषात, बहुधा डोळ्याचा गोल मागच्या बाजूस प्रमाणाबाहेर लांब झालेला असतो; त्यामुळे दूरच्या वस्तूकडून येणारे किरण दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या मागील बाजूच्या संवेदनशील पडद्यावर, पोहोचण्याआधीच एकवटतात आणि प्रतिमा पुसट होते. चष्म्याचे अंतर्गोल भिंग किरणांना थोडे फाकवून हा दोष भरून काढते. हेच काम पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट करूनही साधता येते, कारण सपाट पृष्ठभाग किरणांना कमी वळवतो. लेसर शस्त्रक्रियेत मधल्या ऊतीचा थर कायमचा काढून हा सपाटपणा आणतात. ऑर्थो-केमध्ये तो एका रात्रीपुरता घडवला जातो आणि पुढच्या रात्री पुन्हा घडवावा लागतो. लेन्स घालणे थांबवले की पारपटल साधारणपणे काही दिवसांत ते काही आठवड्यांत मूळ आकाराकडे परतते. हे परतणे या पद्धतीचे सर्वांत मोठे आश्वासन आहे, आणि दिवस कलता कलता दृष्टीत जे बदल जाणवतात त्यांचे मूळही त्यातच आहे.

या कल्पनेचा इतिहास सरळ रेषेतला नाही. १९६२ साली शिकागोमध्ये जॉर्ज जेसन यांनी पारपटलापेक्षा सपाट बसवलेल्या कडक प्लास्टिकच्या लेन्सने मायनस नंबर कमी करण्याची रीत मांडली. त्या काळच्या लेन्समधून प्राणवायू जात नसे, म्हणून त्या दिवसाच घालाव्या लागत. सपाट बसवल्यामुळे त्या डोळ्यावर स्थिर राहत नसत, वरच्या बाजूला सरकत, आणि पारपटलाला वेडावाकडा आकार देत. १९७० व १९८० च्या दशकांत अमेरिकेत झालेल्या नियंत्रित अभ्यासांतून, विशेषतः बर्कली येथील अभ्यासातून, असे दिसून आले की नंबर थोडाफार कमी होतो खरा, पण किती कमी होईल ते सांगता येत नाही आणि आलेला बदल टिकत नाही. या निष्कर्षांनंतर पद्धत मागे पडली. ती पुन्हा उभी राहिली ती दोन सुधारणांमुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्लोडिगा आणि स्टॉयन यांनी उलट वक्रतेची लेन्स पुढे आणली, जिच्यात मधला भाग सपाट असतो आणि त्याभोवतालचा पट्टा मात्र मध्यापेक्षा अधिक वळलेला असतो. त्यामुळे लेन्स डोळ्यावर मध्यभागी बसू लागली. दुसरी सुधारणा पदार्थाची होती. मिटलेल्या पापणीखाली पारपटलाला हवेतून थेट प्राणवायू मिळत नाही, आणि वर लेन्स असली तर टंचाई आणखी वाढते. म्हणून भरपूर प्राणवायू आरपार जाऊ देणारे कडक पदार्थ तयार होईपर्यंत रात्रभर लेन्स ठेवणे सुरक्षित नव्हते. २००२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रात्रभर घालायच्या अशा लेन्सला प्रथम मान्यता दिली, तेव्हा ही मर्यादा बऱ्याच अंशी ओलांडली गेली होती.

लेन्स पारपटल दाबून सपाट करते, ही समजूत मात्र दूर व्हायला हवी. नीट बसलेली लेन्स पारपटलाच्या मध्यावर टेकतच नाही. दोहोंमध्ये अश्रूंचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मध्याशी हा थर अगदी पातळ आणि उलट वक्रतेच्या पट्ट्याखाली जाड असल्यामुळे त्यात दाबाचा फरक निर्माण होतो आणि त्याचा परिणाम पारपटलाच्या सर्वांत वरच्या पेशींच्या थरावर, म्हणजे अभिस्तरावर, होतो. ऑस्ट्रेलियात हेलन स्वारब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून असे दिसले की मध्यभागी अभिस्तर पातळ होतो आणि भोवतालच्या पट्ट्यात पारपटल किंचित जाड होते. सबंध पारपटल मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते, अभिस्तर त्यातला सुमारे ५० मायक्रॉन, आणि ऑर्थो-केचा मुख्य बदल त्यातल्याही १५ ते २० मायक्रॉनचा. माणसाच्या केसाची जाडी सर्वसाधारणपणे याच्या तिपटीहून अधिक असते. एवढ्याशा फरकाने तीन-चार नंबरांचा चष्मा दिवसभर बाजूला ठेवता येतो, ही पारपटलाच्या प्रकाशीय सामर्थ्याची साक्ष आहे. त्याचबरोबर, एवढ्याशा जागेत आकार किती अचूक साधला पाहिजे, हेही त्यावरून कळते.

हा आकार पुरेसा रुंद का होत नाही, हा दृष्टीच्या प्रतीच्या संदर्भातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर साध्या गणितात मिळते. लेसर शस्त्रक्रियेसाठी मनर्लिन यांनी मांडलेले एक सूत्र ऑर्थो-केलाही स्थूलमानाने लावले जाते. त्यानुसार, दुरुस्त करायचा नंबर डायॉप्टरमध्ये घेऊन त्याला सपाट होणाऱ्या वर्तुळाच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाने गुणले आणि तीनने भागले, की मध्यभागी किती मायक्रॉन जाडी कमी व्हावी लागेल ते मिळते. तीन नंबर आणि पाच मिलिमीटर व्यास घेतला तर २५ मायक्रॉन कमी व्हावे लागतील. अभिस्तर तर २० च्या पलीकडे फारसा पातळ होऊ शकत नाही. याचा अर्थ असा की दोन नंबरांसाठी सपाट वर्तुळाचा व्यास सुमारे साडेपाच मिलिमीटर मिळू शकतो, तीनसाठी साडेचार, चारसाठी चारहून किंचित कमी आणि सहासाठी जेमतेम सव्वातीन. नंबर जितका मोठा, तितके चांगल्या प्रतिमेचे वर्तुळ लहान. कारागिराच्या कौशल्याने हे बंधन थोडेफार सैल होते, पण सुटत नाही.

आता हे वर्तुळ डोळ्याच्या बाहुलीशी ताडून पाहावे. दुपारच्या लख्ख उजेडात बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते, आणि मग आत जाणारा सगळा प्रकाश नीट घडवलेल्या मध्यभागातूनच जातो. अंधार पडू लागतो तशी बाहुली पसरते. तरुण वयात ती सहा-सात मिलिमीटरपर्यंत सहज जाते. चार मिलिमीटरचे सपाट वर्तुळ आणि सहा मिलिमीटरची बाहुली असे धरले, तर बाहुलीच्या क्षेत्रफळाचा निम्म्याहून अधिक भाग त्या वर्तुळाबाहेर राहतो. तिथून येणारे किरण दुरुस्त झालेले नसतात. इतकेच नव्हे, तर भोवतालचा पट्टा मूळ आकारापेक्षाही अधिक वळलेला असल्यामुळे ते आणखीच लवकर एकवटतात. एकाच वस्तूची एक नेटकी प्रतिमा आणि तिच्यावर पसरलेली एक पुसट प्रतिमा, अशा दोन्ही मग दृष्टिपटलावर एकत्र पडतात. प्रत्यक्षात वर्तुळाची कड अशी आखीव नसते आणि कडेने येणारा प्रकाश दृष्टिपटलातील शंकुपेशींना मध्यातून येणाऱ्या प्रकाशापेक्षा कमी जाणवतो, हे १९३३ पासून ज्ञात आहे. म्हणून पाहणाऱ्याला जाणवणारा दोष या साध्या गणितावरून वाटतो त्यापेक्षा सौम्य असतो. पण त्याची दिशा तीच असते.

या दोषाला प्रकाशशास्त्रात विपथन म्हणतात. मायनस नंबर किंवा सिलिंड्रिकल नंबर ही विपथनाचीच साधी रूपे असून ती चष्म्याने दुरुस्त होतात. जी चष्म्याने दुरुस्त होत नाहीत त्यांना उच्च कोटीची विपथने असे नाव आहे. त्यांतील दोन येथे महत्त्वाची आहेत. मध्यातून आणि कडेने येणारे किरण एकाच बिंदूत न मिळता पुढेमागे मिळतात, तेव्हा त्याला गोलीय विपथन म्हणतात. निसर्गतः पारपटल मध्याशी अधिक वळलेले आणि कडेकडे उतरत्या वक्रतेचे असते, त्यामुळे हे विपथन बरेचसे आटोक्यात राहते. ऑर्थो-के हा क्रम उलटा करते आणि गोलीय विपथन वाढते. मायनस नंबरासाठी केलेल्या लेसर शस्त्रक्रियेनंतरही याच जातीचा बदल दिसतो. दुसरे विपथन म्हणजे कोमा. त्यात प्रकाशबिंदूची प्रतिमा एका बाजूला धूमकेतूच्या शेपटीसारखी ओढली जाते, आणि सपाट वर्तुळ बाहुलीच्या केंद्राशी न जुळता बाजूला सरकले की हे विपथन वाढते.

अनुभवाच्या पातळीवर याचा अर्थ काय, हे रस्त्यावरच्या एका दिव्याकडे पाहिले तर उमगते. पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला खळे पडते तसे त्या दिव्याभोवती फिकट प्रकाशाचे कडे दिसते; दिव्याचा गाभा तीक्ष्ण असतो, पण त्याच्या कडेची काळोखी धुऊन निघाल्यासारखी वाटते. सपाट वर्तुळ मध्यावर नसेल, तर हे कडे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ होते किंवा दिव्याला फाटा फुटल्यासारखा दिसतो. दिव्याखालच्या दुकानाच्या पाटीवरची काळी अक्षरे वाचता येतात, मात्र त्याच पाटीवर करड्यावर राखाडी रंगात लिहिलेली ओळ पार्श्वभूमीत मिसळून जाते. अनेकांना हे खळे पहिल्या काही आठवड्यांत अधिक जाणवते आणि पुढे मेंदू त्याला सरावतो. काहींना ते कायम खुपत राहते. दोन्ही अनुभव खरे आहेत, आणि दुसऱ्या गटातील माणसाला ‘तक्त्यावर सगळे वाचता येते, मग तक्रार कसली’ असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तक्त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा येथेच स्पष्ट होते. नेदरलँड्समधील हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेला अक्षरांचा तक्ता हे दृष्टिमापनातले थोर काम आहे. सहा मीटरवरून जे अक्षर निरोगी डोळ्याला वाचता यायला हवे ते वाचता आले, की दृष्टी ६/६ अशी नोंदवण्याची रीत त्यातूनच रूढ झाली. पण त्या तक्त्यावर अक्षर गडद काळे आणि पाठ पांढरी असते, खोलीत उजेड असतो आणि परीक्षा बहुधा दिवसाच्या कामाच्या वेळेत होते. उजेडातल्या लहान बाहुलीला आणि ठळक काळ्या अक्षरांना विपथनाचा फारसा त्रास होत नाही. म्हणूनच ऑर्थो-केच्या पहिल्या आठवड्यानंतर पुष्कळ डोळे चष्म्याविना ६/६ पर्यंत पोहोचतात, आणि ते यश खरेही असते. विपथनाने जे हरवते ते सूक्ष्म अंशांनी वेगळ्या असलेल्या छटा ओळखण्याचे सामर्थ्य, म्हणजे कॉन्ट्रास्टची संवेदनक्षमता. ती मोजण्यासाठी एकाच आकाराची पण क्रमाक्रमाने फिकट होत जाणारी अक्षरे असलेला पेली-रॉब्सन तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे. विपथन थेट मोजण्यासाठी डोळ्यातून परतणाऱ्या प्रकाशलहरीचा आकार टिपणारी यंत्रे आहेत. साधने आहेत, रोजच्या तपासणीत ती वापरण्याची सवय तेवढी रुजलेली नाही.

या विषयावरील पुराव्याचा मोठा भाग गेल्या पंचवीस वर्षांतला आहे. जपानमध्ये ताकाहिरो हिराओका आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रात्रभरच्या लेन्सनंतर उच्च कोटीची विपथने वाढतात, कॉन्ट्रास्टची संवेदनक्षमता घटते, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींशी व दुरुस्त केलेल्या नंबराच्या मोठेपणाशी जोडलेल्या आहेत, असे दाखवले गेले. याच गटाच्या पुढच्या अभ्यासांतून दोन महत्त्वाचे निष्कर्ष हाती आले : सपाट वर्तुळ जितके अधिक सरकलेले, तितका दृष्टीच्या प्रतीतला ऱ्हास अधिक, आणि लेन्स थांबवल्यानंतर विपथन व कॉन्ट्रास्ट हे दोन्ही मूळ स्थितीकडे परततात. दुसऱ्या निष्कर्षामुळे या उपचाराला लेसर शस्त्रक्रियेपेक्षा वेगळा नैतिक दर्जा मिळतो, कारण येथे न पटलेला निर्णय मागे घेता येतो.

वर्तुळ कुठे पडले हे पाहण्याचे साधन म्हणजे पारपटलाचा नकाशा. पोर्तुगालमधील अंतोनियो प्लासिदो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्यापांढऱ्या वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरून तिचे प्रतिबिंब पाहण्याची युक्ती काढली. आजचे संगणकीय नकाशे तिचेच वंशज आहेत. लेन्सच्या आधीचा आणि नंतरचा नकाशा एकमेकांतून वजा केला, की मधोमध निळे वर्तुळ आणि त्याभोवती अखंड लाल कडे दिसायला हवे. निळा म्हणजे सपाट झालेला भाग, लाल म्हणजे अधिक वळलेला. लेन्स फार सपाट असून वर सरकली, तर लाल भाग खालच्या बाजूला हसऱ्या ओठांसारखा कोरला जातो. लेन्स गरजेपेक्षा खोल बसली, तर निळ्या वर्तुळाच्या मध्येच न दबलेले एक बेट उरते, आणि मग दिवसाउजेडीही दृष्टी धूसर राहते. पारपटल नाकाच्या बाजूला अधिक सपाट असल्यामुळे चांगली बसवलेली लेन्सही बऱ्याचदा कानशिलाच्या बाजूला किंचित कलते. हा नकाशा वाचता येणे हे या शास्त्रातले पायाभूत कौशल्य आहे; नकाशाशिवाय केवळ तक्त्यावरच्या ओळींवर विसंबून केलेली ऑर्थो-के अपुरी आहे, असे निःशंकपणे म्हणता येते.

दृष्टीच्या प्रतीला काळाची आणखी एक बाजू आहे. लेन्सचा बराचसा परिणाम पहिल्याच रात्री दिसतो आणि साधारण सात ते दहा दिवसांत तो स्थिरावतो. तोवर सकाळची दृष्टी चांगली आणि संध्याकाळची अपुरी, अशी ओढाताण चालते आणि मधल्या काळात कमी नंबराच्या तात्पुरत्या लेन्स वापराव्या लागतात. स्थिरावल्यानंतरही दिवसभरात पारपटल किंचित मागे फिरते, आणि संध्याकाळपर्यंत पाव ते पाऊण डायॉप्टरचा फरक पडू शकतो. तो भरून काढण्यासाठी लेन्सची आखणी करताना मुद्दाम थोडी जादा दुरुस्ती धरतात; तिला या पद्धतीच्या आद्य प्रवर्तकाच्या नावावरून जेसन घटक म्हणतात. परिणामी, ज्या वेळी बाहुली मोठी होते त्याच संध्याकाळी आकाराचा जोरही ओसरलेला असतो. सकाळी दहा वाजता केलेली तपासणी म्हणूनच सर्वांत सुखद आकडा देते, आणि सर्वांत कमी माहिती देते.

येथवरचे विवेचन वाचून ऑर्थो-के हा सदोष दृष्टीचा सौदा आहे, असे मत बनणे स्वाभाविक आहे. पण या विषयाचा सर्वांत विलक्षण भाग याच्या पुढे आहे. २००५ मध्ये हाँगकाँगमधील पॉलीन चो आणि सहकाऱ्यांनी ऑर्थो-के वापरणाऱ्या मुलांच्या डोळ्यांची लांबी कमी वेगाने वाढते, असे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याच शहरात सहा ते दहा वर्षांच्या मुलांची यादृच्छिक विभागणी करून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले : दोन वर्षांत चष्मा वापरणाऱ्या मुलांचे डोळे सरासरी ०.६३ मिलिमीटरने लांबले, तर ऑर्थो-के वापरणाऱ्यांचे ०.३६ मिलिमीटरने, म्हणजे वाढ ४३ टक्क्यांनी कमी. डोळा जितका लांबतो तितके पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटण्याचे, त्याच्या मध्यबिंदूचा ऱ्हास होण्याचे आणि काचबिंदूचे धोके वाढतात. म्हणून मिलिमीटरच्या या अपूर्णांकांचे मोल मोठे आहे. २०५० पर्यंत जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या निकटदृष्टी असेल, असा अंदाज २०१६ मध्ये वर्तवला गेला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या संशोधनामागची निकड कळते.

डोळ्याची वाढ मंदावते कशाने, याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण पुन्हा त्या लाल कड्याकडेच बोट दाखवते. साध्या चष्म्याने मधली प्रतिमा दृष्टिपटलावर येते, पण कडेची प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडू शकते, आणि डोळा तिला गाठण्यासाठी वाढत राहतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून मानले जाते. ऑर्थो-केमध्ये मधला भाग दूरचे स्पष्ट दाखवतो आणि अधिक वळलेले कडे कडेची प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढे आणते, त्यामुळे वाढीचा इशारा मंदावतो. हिराओका यांच्या गटाने २०१५ मध्ये असेही नोंदवले की ज्या मुलांमध्ये कोमासारखी विपथने अधिक वाढली, त्यांच्या डोळ्यांची वाढ कमी झाली. हाँगकाँगमधील पुढच्या एका अभ्यासात लेन्सचा मधला प्रकाशीय भाग सहाऐवजी पाच मिलिमीटरचा ठेवला, तेव्हा वाढ आणखी मंदावल्याचे दिसले. दृष्टीच्या प्रतीसाठी वर्तुळ मोठे हवे आणि वाढ रोखण्यासाठी ते लहान हवे, अशी ही सरळ ओढाताण आहे. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने जो दोष आहे, तोच वाढत्या डोळ्यासाठी औषधाचे काम करतो.

या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन यातूनच निघते. ऑर्थो-केने दृष्टीची प्रत बिघडते की नाही, हा प्रश्न तसाच विचारला तर त्याला उत्तर नाही. कोणाच्या डोळ्यासाठी आणि कशाच्या बदल्यात, हे त्याला जोडल्याशिवाय तो पूर्णच होत नाही. आठ वर्षांच्या, दरवर्षी नंबर वाढत चाललेल्या मुलाला रात्री गाडी चालवायची नसते. त्याच्या संध्याकाळच्या दिव्यांना पडणारे खळे हे पुढच्या पन्नास वर्षांच्या डोळ्याच्या स्वास्थ्यासाठी मोजलेले माफक मोल ठरू शकते. तिशीतल्या माणसाचा डोळा बहुधा वाढायचा थांबलेला असतो, त्यामुळे वाढ रोखण्याचा लाभ त्याच्या पदरात जवळजवळ पडतच नाही. तो रात्रपाळीचा ट्रक चालवत असेल किंवा पाच नंबरांच्या पुढे असेल, तर तेच खळे त्याला फार महागात पडू शकते. पोहणारा खेळाडू, चष्म्यावर धूळ बसणाऱ्या कारखान्यातला कामगार, दिवसा लेन्स न सोसणारा कोरड्या डोळ्यांचा माणूस यांचे हिशेब पुन्हा वेगळे. दोष तोच राहतो. त्याचे वजन माणसागणिक बदलते.

या हिशेबात एक बाब मात्र कोणत्याही लाभाखाली झाकता येत नाही, आणि ती म्हणजे जंतुसंसर्ग. मिटलेल्या पापणीखाली, प्राणवायू कमी असताना, पातळ झालेल्या अभिस्तरावर लेन्स आठ तास राहते. अशा वेळी स्वच्छतेत हयगय झाली तर पारपटलाला व्रण पडू शकतो आणि त्याचा डाग दृष्टी कायमची हिरावू शकतो. पूर्व आशियातून २००१ पासून अशा गंभीर संसर्गांची वृत्ते येऊ लागली, आणि त्यांत अकांथअमीबा या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचे प्रमाण लक्षणीय होते. अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार दर दहा हजार रुग्णवर्षांमागे सुमारे आठ, आणि मुलांमध्ये सुमारे चौदा, असे हे प्रमाण होते. धोका दुर्मीळ आहे, पण तो चष्म्यात नाही. नळाचे, टाकीचे, माठातले वा उकळून गार केलेले कुठलेही पाणी लेन्सला किंवा तिच्या डबीला लागता कामा नये, हा नियम म्हणूनच सौम्य सूचनेच्या भाषेत सांगण्याचा नाही. जिथे बरीच घरे गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर चालतात त्या महाराष्ट्रातील शहरांत तर तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. लेन्स हाताळण्याआधी साबणाने धुतलेले हात कोरडे करणे, सकाळी लेन्स चिकटून बसली असेल तर ओढून न काढता वंगणाचे थेंब टाकून ती हलू लागेपर्यंत थांबणे, आणि डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्या रात्री लेन्स न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाणे, या तीन सवयींवर मुलाची दृष्टी अवलंबून असते. ही जबाबदारी पेलण्याची घरातल्या मोठ्यांची तयारी नसेल, तर उपचार सुरू न करणे हाच योग्य निर्णय होय.

सुरू केलेला उपचार केव्हा थांबवायचा, हाही तितकाच विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. साधारण चौदाव्या वर्षापर्यंत लेन्स मध्येच सोडल्यास डोळ्याची वाढ पुन्हा वेग घेऊ शकते, असे हाँगकाँगमधील अभ्यासात आढळले आहे. लेन्स दिसायला वस्तू असली, तरी व्यवहारात ती अनेक वर्षांचा करार असते. त्या कराराच्या आधी पालकांपुढे तिन्ही बाजू मांडल्या जायला हव्यात : डोळ्याची वाढ किती मंदावण्याची अपेक्षा आहे, संध्याकाळची दृष्टी कशी असेल, आणि संसर्गाचा धोका किती आहे. मैदानावर घालवलेला वेळ, अल्प प्रमाणातील ॲट्रोपिनचे थेंब आणि खास आखणीचे चष्मे हे इतर मार्गही त्याच बैठकीत समोर यायला हवेत.

पुढील विवेचनाचा क्रम या विचाराला धरूनच आहे. आधी पारपटलाची रचना आणि लेन्सची आखणी, मग विपथनांची मोजणी, त्यानंतर मंद प्रकाशातील दृष्टी, आणि शेवटी वाढत्या डोळ्याचा प्रश्न, अशा पायऱ्यांनी वाचकाने जावे अशी अपेक्षा आहे. तक्ता टाकून द्यावा असे त्यात कुठेही सुचवलेले नाही. ६/६ ही नोंद दीडशेहून अधिक वर्षे डोळ्यांची सेवा करीत आली आहे. मागणी इतकीच आहे की त्या नोंदीशेजारी संध्याकाळी केलेली एक मोजणी असावी, खोलीतला दिवा मंद करून फिकट अक्षरांवर केलेली. आणि तिच्याही शेजारी, रात्री रस्त्यावरचा दिवा कसा दिसतो या प्रश्नाला रुग्णाने स्वतःच्या शब्दांत दिलेले उत्तर लिहून ठेवलेले असावे.